आखाजीनंतर डोहात जाळं नाही

मासे मोजणारा माणूस म्हणून मला खानदेशात पाठवलं, तेव्हा तिथल्या लोकांना माझ्या नोकरीचं हसू आलं. खरं तर मलाही आलं होतं. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती, मुंबई राज्य होतं आणि सरकारला एकदम सगळंच मोजायचं होतं: विहिरी, कोंबड्या, नांगर, शाळेत जाणाऱ्या मुली. त्यात मासेही आले. मी कोकणातल्या खाडीकाठचा. कॉलेजातून निघाल्यावर खाडीतल्या शिंगाळ्यावर काम केलेला. शिंगाळा म्हणजे अंगावर खवलं नसलेला, लांब मिशांचा मासा, कल्ल्यांपाशी असा टणक काटा की हातात घुसला तर दोन दिवस माणूस कुणाशी धड बोलत नाही. तापीतही शिंगाळा मिळतो असं खात्यातल्या कुणीतरी कुठेतरी वाचलं आणि मला चाळीसगावच्या गाडीत बसवून दिलं. खाडीतला शिंगाळा आणि नदीतला शिंगाळा हे नुसते नावाचे भाऊ आहेत, हे सांगायला मला कुणी विचारलंच नाही.

चाळीसगावला गाडी बदलून धुळे, धुळ्याच्या कचेरीत हजेरी आणि तिथून मोटारीने तापीकाठचं एक बाजाराचं गाव. मोटारीतून उतरलो तेव्हा दुपार होती आणि रस्त्यावर माणूस नव्हता. उन्हाळ्यात खानदेशात दुपारी कुणी बाहेर पडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. गाव ओसाड पडलंय की काय असं वाटून मी ट्रंकेवर बसून राहिलो. चार वाजता एकेक दार उघडायला लागलं. तोवर मला घरची इतकी आठवण आली होती की परतीची मोटार उभी असती तर मी चढलो असतो.

खोली मिळता मिळेना. भाड्याने द्यायला जागा असलेली घरं बहुतेक व्यापाऱ्यांची, राजस्थानातून कधीकाळी येऊन इथलीच झालेल्या जैन कुटुंबांची. ‘काम काय करता?’ या प्रश्नाला पहिल्या दोन घरांत मी खरं उत्तर दिलं आणि पायरी उतरलो. तिसऱ्या घरात म्हणालो, नदीचा अभ्यास करतो. हे घर कापसाचा व्यापार करणाऱ्या एका शेठजींचं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, “नदीत काय बघता?”

“मासे,” मी म्हणालो. खोटं बोलण्याचा माझा दम तेवढाच.

“पकडता?”

“पकडलेले मोजतो. कमी का होत चाललेत ते बघतो.”

मग आवाज आला, “कमी होऊ नयेत म्हणून बघतात ना? मग राहू दे त्यांना.”

शेठजींनी कपाळाला आठ्या घातल्या आणि किल्ली दिली. आतून बोलणारी ती त्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली आणि आता केस पांढरे झालेली. अख्खी गल्ली त्यांना जिजी म्हणायची. मीही जिजी म्हणू लागलो.

अटी होत्या. घरात मासा आणायचा नाही, त्याचा वास आणायचा नाही, काटा-हाड काही आणायचं नाही. नदीवरून आलो की अंगणातल्या हौदापाशी हातपाय धुऊन, सदरा बदलून मगच ओट्यावर पाय. म्हणजे दिवसभर हातात मासा आणि रात्री पोटात मुगाची खिचडी. पहिले काही महिने मला स्वप्नं पडत ती फक्त आमटीची. खानावळीत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा मिळे. तो इतका तिखट की डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते ठेच्याचंच आहे असं समजायची सोय होती.

एकटेपणा काय असतो ते मी त्या गावात शिकलो. लोक वाईट नव्हते. पण कुणालाच माझ्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं. केळी, कापूस, सरकीचा भाव, पोरींची लग्नं यातलं मला काही कळत नसे आणि मला जे कळत असे ते कुणाला ऐकायचं नव्हतं. रविवारी बाजार भरायचा तेव्हा मी मुद्दाम गर्दीतून हिंडायचो. खांद्याला खांदा लागला की बरं वाटायचं. दिवस मावळल्यावर मात्र काय करावं हा प्रश्न रोजचाच.

त्या प्रश्नाचं उत्तर जिजींनी दिलं. मी हातपाय धुऊन ओट्यावर आलो की त्या दाराच्या आतल्या बाजूला, उंबऱ्याला टेकून बसायच्या. हातात गव्हाचं ताट, खडे निवडत. “हं, आज कोण भेटलं?” असं विचारायच्या. जणू मी सोयऱ्यांकडे जाऊन आलो होतो. मी सांगायचो. आज एवढा मोठा शिंगाळा आला, पोटात अंडी होती, अमुक खाल्लेलं निघालं. पोटातलं निघालं म्हणजे तो मेलेला होता हे त्यांना समजायचं. अशा वेळी त्या ताट खाली ठेवायच्या, क्षणभर डोळे मिटायच्या आणि मग “पुढे?” म्हणायच्या. माझ्या आयुष्यात माझं काम इतकं नीट कुणी ऐकलेलं नाही, वरिष्ठांनी तर नाहीच.

त्या वर्षी जिजींचं वर्षीतप चालू होतं. एक दिवस कडकडीत उपास, नुसतं उकळून गार केलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी जेवण. मग पुन्हा उपास. असं वर्षभर. वैशाखातल्या अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने त्याचं पारणं करायचं. तो दिवस म्हणजे खानदेशातली आखाजी. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके लागतात. जिजी काडीसारख्या झाल्या होत्या, पण तोंडावर थकवा दिसायचा नाही. एका उपासाच्या संध्याकाळी मी त्यांना आमच्या खाडीतल्या शिंगाळ्याची गोष्ट सांगितली. मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. बोराएवढाली अंडी. ती फुटून पिलं स्वतःची स्वतः पोहू लागेपर्यंत तो तोंड मिटून हिंडतो आणि काही खात नाही. कोळी जाळं ओढतात तेव्हा नेमके असले बाप सापडतात. घाबरून तोंडातली अंडी सांडतात आणि एका माशाबरोबर अख्खी वीण जाते.

“काही म्हणजे काहीच खात नाही?”

“पोट रिकामं असतं. मी पाहिलंय.”

जिजी हसल्या. दात नसलेलं, पोरीसारखं हसू. “भाऊ, मग तो आमच्यातलाच झाला की.”

तापीतला शिंगाळा तोंडात अंडी घेत नाही. तो उन्हाळ्यात डोहाच्या तळाला परातीएवढा खड्डा करतो, त्यात वीण होते आणि नर त्या खड्ड्यावर पहारा देत राहतो. कुणी जवळ आलं तर पळत नाही. हीच त्याची अडचण. गावाच्या वरच्या अंगाला, काळ्या खडकाखाली तापीचा मोठा डोह होता. वैशाखात नदीची धार मनगटाएवढी होई, पण डोहात हत्ती बुडेल इतकं पाणी राही. तेही असं नितळ की खडकावर पालथं पडून पाहिलं तर खड्डे आणि त्यावरचे राखणदार दिसत. ते मला दिसत तसे भोयांनाही दिसत. नदीवर मासेमारी करणारी त्यांची वीसेक घरं होती. पहारा देणारा मासा भाल्याने मारणं म्हणजे झाडावरचं फळ तोडण्याइतकं सोपं. हाताला लागेल ते पोटाला लागतं, त्यांना मी काय दोष देणार?

शिंगाळ्याचं वय त्याच्या काट्यावरून कळतं. खवलं नाहीत, म्हणून काट्याची पातळ चकती कापायची, सहाणेवर घासायची आणि भिंगाखाली तिच्यातली वलयं बघायची, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. हे काम घरात करायची सोय नव्हती. घाटावरच्या धर्मशाळेच्या एका ओवरीत मी माझी सहाण मांडली होती. येणारे-जाणारे वाटसरू मला गंध उगाळणारा पुजारी समजून पाया पडायचे. सुरुवातीला मी समजावून सांगायचो, नंतर आशीर्वाद देऊ लागलो. वर्षभर चकत्या घासून जे दिसलं ते साधं होतं. जाळ्यात येणारे बहुतेक मासे कोवळे होते. एकदाही वीण न झालेले. पोरं मरत होती आणि आईबाप उरले नव्हते. असंच चाललं तर डोह थोड्याच वर्षांत रिकामा होणार होता.

भोयांचे म्हातारे पुढारी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. त्यांच्या अंगणात मी हे सांगितलं. त्यांना ते पटलं असं नाही. त्यांच्या मते मासे कमी झाले कारण तापीमाय रुसली होती आणि ती रुसली कारण वरच्या गावच्या लोकांनी नदीत पाणी उपसायचं इंजिन बसवलं होतं. माझ्या चकत्या त्यांनी उन्हात धरून पाहिल्या, सुनेला दाखवल्या आणि परत दिल्या. पण एक गोष्ट त्यांनाही छळत होती.

“न्हाना मासा गावतस,” ते म्हणाले. “मोठा कोठे ग्यात?”

मी म्हणालो, आखाजीपासून तापीच्या जन्मदिवसापर्यंत डोहाला हात लावू नका. तापीचा जन्मदिवस आषाढातल्या सप्तमीला येतो, लोक नदीला साडी नेसवतात. तोवर पूर आलेला असतो आणि पिलं पांगलेली असतात. मी आषाढ आणि आखाजी न म्हणता इंग्रजी महिने सांगितले असते तर मला कुणी चहासुद्धा दिला नसता. उन्हाळ्यात भोयांच्या डांगरवाड्या असतात, नदीच्या वाळूत टरबुजांचे वेल. त्यामुळे हात अगदीच रिकामे राहणार नव्हते. चार संध्याकाळी वाद चालला. शेवटी आबांनी निवाडा केला.

“एक साल देखू. पिलं दिखनात तं तुम्हनं खरं. नही दिखनात तं तुम्ही तुम्हनी वाटे, आम्हीन आमनी वाटे.”

मग सगळ्या घरांतल्या कर्त्या माणसांनी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ओंजळीत पाणी घेतलं आणि तापीमायची आण घेतली: आखाजीनंतर डोहात जाळं नाही, गळ नाही, भाला नाही. ही आण मोडली तर भोयाची होडी बुडते असं ते मानतात. मी काठावर उभा होतो. मला कुणी पाण्यात बोलावलं नाही. मी त्यांच्यातला नव्हतोच. पण त्या दिवशी घरी येताना मी गाणं गुणगुणत होतो, हे मला पक्कं आठवतं. एक साल मिळालं होतं. पिलं दिसली तर डोह कायमचा वाचणार होता, नाही दिसली तर पुन्हा त्या अंगणात मला कुणी बसू दिलं नसतं.

त्या संध्याकाळी जिजींना मी सगळं रंगवून सांगितलं. “आता तापीत तीच एक जागा अशी, जिथे माशाला कुणाची भीती नाही,” मी म्हणालो. जिजींनी ते दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं.

आखाजी आली. आदल्या दिवशी मला धुळ्याच्या कचेरीत बोलावणं होतं. सणाच्या दिवशी दुपारी परतलो तर गल्लीत मांडव, उसाच्या रसाचे हंडे, बायकांची गाणी. जिजींचं पारणं चालू होतं. त्यांना पाटावर बसवून नातेवाईक एकेक करून चमचाभर रस पाजत होते. मला पाहून त्यांनी हाक मारली आणि माझ्या हातूनही एक घोट घेतला. मग जवळ बोलावून म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या डोहात मी पाहुणे पाठवलेत.”

मला कळेना. त्यांनी सांगितलं. भावाने विचारलं होतं, वर्षभराच्या तपाचं काय देऊ, साडी की सोन्याची माळ? त्या म्हणाल्या, जीव सोडव. म्हणून शेठजींनी सकाळी माणसं पाठवून बाजारातले सगळे जिवंत मासे विकत घेतले, पाण्याने भरलेल्या पिंपांतून बैलगाडीने नदीवर नेले आणि सोडले. कुठे सोडायचे ते जिजींनीच सांगितलं होतं. जिथे त्यांना कुणी पकडणार नाही अशी जागा त्यांना माहीत होती.

“जगतील ना?” त्यांनी विचारलं.

बाजारात जिवंत राहणारा मासा एकच. मरळ. ओल्या गोणपाटात गुंडाळली तरी दिवसभर जगते. म्हणून आजूबाजूच्या तळ्यांतून, नाल्यांतून धरलेल्या मरळी बाजारात जिवंत विकायला ठेवतात, बाकीचे सगळे मासे मेलेलेच येतात. आणि मरळीसारखी पिलं खाणारी जात नाही.

“जगतील,” मी म्हणालो.

सदरा न बदलता मी तसाच डोहावर गेलो. आबा खडकावर बसले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. गाडीवाल्यांना थांबवायला ते धावले, पण ते पोचेपर्यंत शेवटचं पिंप उपडं झालं होतं. शेठजींची माणसं हात जोडून उभी होती.

“बठ्ठ्या मरळीच,” ते म्हणाले. “एकबी पिल्लू ठेवाव नहीत.”

खाली पाण्यात खड्डे खणायला नुकती सुरुवात झाली होती. पंधरा-वीस दिवसांत पिलं दिसणार होती. डोह दोन्ही बाजूंनी उथळ वाळूने बंद. मरळी बाहेर जाऊ शकत नव्हत्या आणि पिलंही. जाळं ओढलं असतं तर खड्डे आणि राखणदार तळापासून खरवडून निघाले असते. उपाय एकच होता. बेडूक लावून गळ टाकायचा. शिंगाळा तळाला असतो, बेडकाला वरून येऊन झडप घालते ती मरळ. एकेक करून काढायची.

मी आबांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली.

“आमनी आण शे, साहेब. तुम्हनी नही.”

दुसऱ्या दिवसापासून मी गळ घेऊन खडकावर बसायला लागलो. सरकारी टोपी घातलेला माणूस, भर उन्हात, बंद केलेल्या डोहावर गळ टाकून बसलेला. पहिल्या दोन-तीन मरळी मी घागरीत घालून गावाबाहेरच्या तळ्याकडे पळत नेल्या. पण मरळ बेडूक गिळते तो आतड्यापर्यंत, आणि गळ तिथेच रुततो. तळ्यात सोडल्या की त्या उताण्या होऊन तरंगायच्या. मग मी पळणं सोडून दिलं. मेलेल्या मरळी आबांच्या घरी जायच्या. मी त्यातली एकही खाल्ली नाही. कोकणात घरी सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. इतक्या महिन्यांनी मासा समोर होता आणि घास उतरत नव्हता.

त्या दिवसांत संध्याकाळी मी उशिरा घरी यायचो. जिजी दारात असायच्या आणि मी ‘डोकं दुखतंय’ म्हणून खोलीत जायचो. गावात गोष्ट लपत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शेठजींनी मला दुकानात गादीवर बसवून घेतलं. आरडाओरडा केला नाही. मी कारण सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं, समजलंही त्यांना, व्यापारी माणूस. मग म्हणाले, “खोली सोडा. आणि जिजीला यातलं काही कळता कामा नये. विचारलंच तर सांगा, भोई आण मोडून धरतात.”

हे मात्र मला जमणारं नव्हतं. आबांच्या माणसांनी त्या उन्हाळ्यात डोहात बोट घातलं नव्हतं.

घरी आलो तर जिजी दारात नव्हत्या, ओट्यावरच उभ्या होत्या. ताट नव्हतं. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “माझ्या मरळी तुम्ही मारता असं म्हणतात.”

“हो.”

“का?”

मी सांगितलं. पिलं, खड्डे, राखण करणारा नर, दोन्ही बाजूची वाळू. रोज सांगायचो तसंच सांगितलं, सगळं क्रमाने. त्या मध्येच ‘पुढे?’ म्हणाल्या नाहीत. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर मी हातापाया पडलो असतो आणि काहीतरी जमलंही असतं.

“म्हणजे मी सोडवल्या नसत्या तर बाजारात त्या मेल्याच असत्या,” त्या म्हणाल्या. “आणि मी सोडवल्या म्हणून पिलंही मेली असती आणि त्याही मेल्या.”

“जिजी, तुम्हाला ठाऊक नव्हतं.”

“तुम्हाला होतं. म्हणून तुम्हाला पाप नाही.” हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की त्या माझं सांत्वन करत होत्या हे मला नंतर कळलं. दारात शेठजी येऊन उभे होते. त्यांच्याकडे वळून जिजी म्हणाल्या, “यांना राहू दे. खरं बोलणारा भाडेकरू पुन्हा मिळणार नाही.” मग माझ्याकडे न बघता, “फक्त भाऊ, आता नदीचं मला काही सांगू नका.”

मी बरं म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुन्हा एक दिवसाआड उपास धरला. पारण्याला आठवडा होत नव्हता, अंगावर मूठभर मांस नव्हतं. शेठजी रडले, भावजय पाया पडली, उपाश्रयातल्या साध्वींनीही थांबायला सांगितलं. त्या कुणाशी वाद घालायच्या नाहीत. ताट समोर आलं की ‘उद्या’ म्हणायच्या. हा उपास कधी संपणार ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी अंगणापलीकडे माझ्या खोलीत बसून भांड्यांचा आवाज आज येतो की नाही ते ऐकत असे. येईल त्या दिवशी मला झोप लागे.

गळ मी सोडला नाही. आता सोडण्यात कुणाचंच भलं नव्हतं. मरळी फसणं हळूहळू कमी झालं आणि एके दिवशी बेडूक संध्याकाळपर्यंत तसाच पाण्यावर पाय झाडत राहिला. मी त्याला सोडवून वाळूत ठेवलं.

मृग लागायच्या थोडं आधी, सकाळी आबांनी माणूस पाठवला. मी गेलो तर भोयांची सगळी वस्ती काळ्या खडकावर पालथी पडली होती, बायकासुद्धा. मला जागा करून दिली. पाणी अजून नितळ होतं. खाली एक शिंगाळा खड्ड्यावर स्थिर होता, हडकलेला, डोकंच तेवढं मोठं दिसणारा, आणि त्याच्या पोटाखाली काळा धूर हलत होता. धूर नव्हे, पिलं. तो जरा सरकला की ती सरकायची. पलीकडे दुसऱ्या खड्ड्यावर तसंच, त्यापलीकडे तिसऱ्यावर तसंच. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. पुढल्या साली आण घ्यायला मला पाण्यात उतरायला लावलं आणि त्यानंतर मी तिथे असेपर्यंत आखाजीनंतर त्या डोहात जाळं पडलं नाही. धुळ्याच्या कचेरीने माझा अहवाल वरती पाठवला, वरून शाबासकी आली. नोकरीत पुढे मला बरंच काही मिळालं. पण मी आयुष्यात काही केलं असं मला वाटतं ते फक्त त्या सकाळी, खडकावर पालथं पडून.

मी गावाकडे पळतच आलो. धोतराचा सोगा हातात, चपला विसरलेल्या, पायाखाली वाळू तापत चाललेली, आणि ओठांवर एकच वाक्य. गल्लीत वळलो. जिजी दाराच्या आत उंबऱ्याला टेकून बसल्या होत्या, गहू निवडत होत्या. उपासाचा दिवस असावा, कारण मान भिंतीला टेकलेली होती. माझ्या पावलांचा आवाज ऐकून त्यांनी वर पाहिलं. माझा चेहरा कसा दिसत असेल कुणास ठाऊक, पण त्यांनी तो पाहिला आणि त्यांचा गहू निवडणारा हात थांबला. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

त्यांनी विचारलं नाही. मी हौदापाशी हातपाय धुतले, सदरा बदलला आणि ओट्यावरून, त्यांच्या समोरून, माझ्या खोलीत गेलो.

पुढे माझी जळगावला बदली झाली. मी निघालो तेव्हाही जिजींचा उपास चालूच होता. पिलं जगली हे त्यांना कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगितलं नाही.